काळ्या मातीचं पेंटिंग, चौथा प्रयत्न: यावेळी भेगा टिकल्या

मागचं अपडेट टाकलं तेव्हा तिसरं पण वाया गेलतं, त्यामुळे दोन महिने काही लिहिलंच नाही. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, गेल्या दिवाळीत आमच्या अण्णांना लकवा मारला, उजवी बाजू गेली अन् बोलणंही गेलं, कळतं सगळं पण शब्द तोंडात येत नाही, मग ते शोधतात शोधतात अन् भिंतीकडं मान फिरवून घेतात. ते मला कुणाला सांगताच येईना. म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्ट. चेहरा नाही, पलंग नाही, फक्त औशाजवळच्या आमच्या रानातली काळी माती अन् थोडा रंग.

आता काळी माती वाळली की आकसते, उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण लहानपणापासून बघतो. मला भेगा पाहिजेतच, पण माती सुटायला नको. पहिल्या दोन्ही वेळेला फेविकॉल जास्त घातलं तर भेगाच पडेनात, सगळं रबरासारखं दिसायला लागलं. तिसऱ्यांदा कमी घातलं तर सकाळी अर्धी माती फरशीवर. त्या दिवशी लई रडलो, मातीसाठी नव्हे.

मग शाळेच्या सहलीतलं अजिंठा आठवलं. तिथं चित्रांच्या खाली मातीचाच गिलावा आहे अन् त्यात भाताचा तूस, गवताच्या काड्या कालवलेल्या आहेत. आपल्याकडं भात कुठला, मी सोयाबीनचं भुसकट बारीक चुरून घातलं. कॅनव्हास पण सोडला, तो लवतो अन् खपली निघते, त्याऐवजी 2 बाय 3 फुटाचा प्लाय घेतला, जेसोचे (रंगाआधी मारायचं पांढरं अस्तर) दोन हात मारून पॉलिश पेपरनं घासला. माती मैद्याच्या चाळणीतून चाळलेली 3 वाट्या, बारीक वाळू 1 वाटी, मूठभर भुसकट, फेविकॉल अन् पाणी निम्मं निम्मं. थर पातळ ठेवायचा आणि वाळवायचं सावलीत, गच्चीवर अजिबात नाही. चार दिवसांनी बघतो तर केसासारख्या भेगा सगळीकडं अन् खाली डावीकडं एक बोटभर रुंद. नखानं खरवडलं तरी सुटत नाही!

रंगाचं सांगतो. अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर अन् पॅलेट नाइफनं (रंग पसरायची पातळ सुरी) काम करायचे, त्यांचे थर बघून मी पण ब्रश ठेवून दिला, राखाडी अन् निळा अगदी पातळ करून रोलरनं फिरवला. सगळ्या भेगांत यलो ओकर, म्हणजे मातकट पिवळा, भरला तर रांगोळी झाली, तो ओला असतानाच फडक्यानं पुसला अन् फक्त त्या रुंद भेगेत ठेवला, नजर शेवटी जाते तिथं.

परवा बोर्ड अण्णांच्या पलंगाजवळ टेकवला. त्यांनी डावा हात लांब केला, भेगेवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि बराच वेळ थांबून म्हणाले, "रान." मी आईला हाक मारली तर तिच्यासमोर परत म्हणाले.

पिवळा अजून वाढवायचा विचार होता, आता हात लावत नाही. वार्निश तेवढं राहिलंय. मॅट वार्निशनं माती काळपट पडते का, कुणी मारून बघितलं असेल तर सांगा, कारण अण्णा रोज सकाळी त्यावर बोट फिरवतात अन् कडेची माती आता गुळगुळीत व्हायला लागलीय.