सभासदाच्या फॉर्मवरून पावतीपर्यंत: वाचनालयाच्या ॲक्सेस डेटाबेसची नोंद

आमच्या सोसायटीच्या वाचनालयासाठी मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये (टेबले आणि फॉर्म बनवून माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) जो डेटाबेस बांधत आहे, त्याचे काम गेले काही आठवडे एकाच जागी अडले होते. सभासदाच्या फॉर्मवर दंड, वर्गणी आणि अनामत यांची जी बेरीज दिसते, तीच रक्कम पावतीच्या फॉर्मवर आपोआप उतरावी, एवढेच हवे होते.

मुख्य फॉर्मवर सभासदाची माहिती असून त्याने नेलेल्या पुस्तकांचा सबफॉर्म, म्हणजे फॉर्मच्या आतला फॉर्म, खाली जोडला आहे. उशिराचे दिवस आणि दिवसाला २ रुपयांप्रमाणे होणारा दंड मी आता क्वेरीतच (टेबलातून माहिती निवडून मोजणाऱ्या प्रश्नात) काढतो, कारण फूटरमधील, म्हणजे फॉर्मच्या तळपट्टीतील, बेरजेचे सम फंक्शन टेबलातील किंवा क्वेरीतील फील्डची बेरीज करते, फॉर्मवरच सूत्राने मोजणाऱ्या हिशेबी टेक्स्टबॉक्सची करत नाही. आधी दंडाचे सूत्र टेक्स्टबॉक्समध्ये होते, त्यामुळे फूटरमध्ये फक्त एरर दिसत असे.

खरी चूक त्यानंतर सापडली. चाचणीसाठी भरलेल्या एका नोंदीत १२ आणि ७ दिवसांच्या उशिराचा ३८ रुपये दंड, ६०० रुपये वर्गणी आणि ५०० रुपये अनामत मिळून १,१३८ रुपये येणे होते, पण पावतीवर १ रुपया उतरला. पावतीचा फॉर्म उघडताना सभासद क्रमांक आणि रक्कम एकत्र जोडून मी ओपनआर्ग्जमधून (फॉर्म उघडताना त्याला मजकूर देण्याच्या सोयीतून) पाठवत होतो, आणि रक्कम नीट दिसावी म्हणून तिला आधीच फॉरमॅट लावत होतो. पावतीच्या बाजूला मजकुरातून संख्या काढणारे व्हॅल फंक्शन ती वाचत होते. संख्येचा भाग म्हणून ओळखता न येणारे चिन्ह आले की व्हॅल तिथेच थांबते, आणि येथे ते चिन्ह म्हणजे हजारांनंतरचा स्वल्पविराम होता. केवळ दंडाच्या छोट्या रकमा तपासत असेपर्यंत सारे बरोबर येत होते, म्हणूनच ही चूक इतके दिवस लपून राहिली.

आता ओपनआर्ग्जमधून केवळ सभासद क्रमांक जातो. रक्कम करन्सी या पैशांसाठीच्या संख्या-प्रकारातच ठेवून टेंपव्हार्समध्ये, म्हणजे सर्व फॉर्मना वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात, घालतो आणि फॉरमॅट फक्त पावतीच्या टेक्स्टबॉक्सला लावतो. टेंपव्हार्सची सोय ॲक्सेस २००७ पासून आहे. त्यात कंट्रोल (फॉर्मवरचा टेक्स्टबॉक्ससारखा घटक) थेट देता येत नाही, त्यातली किंमत घेण्यासाठी कंट्रोलच्या नावापुढे व्हॅल्यू लिहावेच लागते. ही किंमत डेटाबेस बंद होईपर्यंत टिकत असल्यामुळे पावती जतन होताच ती काढून टाकणे मला अत्यावश्यक वाटते, नाहीतर एका सभासदाची रक्कम दुसऱ्याच्या पावतीवर जाण्याचा धोका राहतो.

दुसरी अडचण वेळेची होती. पावतीचे बटण मी सबफॉर्मच्याच फूटरमध्ये ठेवले होते. पुस्तक परत आल्याची तारीख लिहून लगेच ते बटण दाबले, तर चालू नोंद अजून जतन झालेली नसते आणि बेरजेत जुनाच आकडा राहतो. त्यामुळे बटणाच्या कोडमध्ये प्रथम फॉर्मचा डर्टी हा गुणधर्म (जतन न झालेला बदल आहे का, हे सांगणारा) फॉल्स करून नोंद जतन करतो आणि मग डीसम या बेरजेच्या फंक्शनने थेट क्वेरीवरून बेरीज नव्याने काढतो. पडद्यावरचा हिशेबी टेक्स्टबॉक्स वाचणे मी पूर्णपणे सोडले आहे, कारण तो कोणत्या क्षणी पुन्हा मोजला जाईल यावर कोडने विसंबू नये. सभासदाकडे एकही पुस्तक नसेल तर डीसम नल, म्हणजे रिकामी किंमत, देते, म्हणून त्याभोवती नलच्या जागी दुसरी किंमत देणारे एनझेड फंक्शन लावून शून्य घेतले आहे.

हिशेबाने निघणारी किंमत टेबलात साठवू नये, हा नियम मी इतरत्र पाळतो, पण पावतीला तो लावलेला नाही. उद्या दंडाचा दर बदलला तरी जुन्या पावतीवर त्या दिवशी घेतलेलीच रक्कम राहिली पाहिजे. म्हणून ती पावतीच्या टेबलात कायमची लिहिली जाते.

सभासदाने थोडीच रक्कम भरली तर ती उलट मुख्य फॉर्मकडे यायला हवी, यासाठी पावतीचा फॉर्म डायलॉग म्हणून, म्हणजे आधी उत्तर मागणारी खिडकी म्हणून, उघडतो. तो बंद किंवा अदृश्य होईपर्यंत पुढचा कोड थांबतो. ‘ठीक’ दाबल्यावर फॉर्म बंद न करता फक्त अदृश्य करतो, भरलेली रक्कम वाचतो आणि मग तो बंद करतो. ‘रद्द’ दाबल्यास फॉर्म बंदच होतो, त्यामुळे वाचण्यापूर्वी तो उघडा आहे का, हे इजलोडेड या गुणधर्माने तपासतो. १,१३८ पैकी १,००० रुपये भरल्याची चाचणी काल केली, तेव्हा मुख्य फॉर्मवर १३८ रुपये बाकी बरोबर दिसली.