लाल गोळ्या आणि पांढऱ्या गोळ्या

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते, तिथे कापूस वेचणीच्या दिवसांत ओपीडी निम्म्यावर येते. बायका पहाटे अंधारातच वावराकडे निघतात आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे अंगावर दुखणे काढूनच काम करतात. म्हणून डिसेंबरातल्या त्या सकाळी मावशी रांगेत दिसल्या, तेव्हाच मला थोडे वेगळे वाटायला हवे होते. त्या भिंतीला डोके टेकून बसल्या होत्या. आमच्या आरोग्य सेविकेने त्यांचे पांढरे पडलेले ओठ पाहिले आणि रांग सोडून त्यांना आधी आत आणले.

मावशी सेहेचाळीस वर्षांच्या. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटणे आणि सकाळी मळमळ ही त्यांची तक्रार तीन वर्षांची होती, आणि त्यांपैकी आठ महिने त्या माझ्याकडे येत होत्या. मी त्यांना पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी देत असे. गोळी सुरू असेपर्यंत आराम पडे, संपली की पुन्हा आग सुरू होई. रक्त कमी असल्याने ऑक्टोबरपासून लोहाच्या लाल गोळ्याही मी लिहून दिल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये त्यांना काळे शौच होत असल्याचे आशाताईंनी कळवले, तेव्हा मी केसपेपरवर नोंद केली होती : ‘शौच काळे, लोहाच्या गोळ्यांमुळे’. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होतेच, त्यामुळे त्या नोंदीत मला काही वावगे वाटले नाही. ही नोंद माझ्याच अक्षरात आजही त्या कागदावर आहे.

पुढच्या महिन्याच्या गोळ्या द्यायच्या म्हणून मी घरातल्या सगळ्या गोळ्या दाखवायला सांगितल्या. मावशींनी कमरेचा बटवा सोडून टेबलावर रिकामा केला. लाल गोळ्यांची तीन पाकिटे निघाली, आणि त्यांतल्या एकाही गोळीवरचा कागद फाटलेला नव्हता.

“लाल गोयी खाल्ली का पोटात आग पडते मॅडम, म्हणून खाल्लीच नाही जी,” त्या म्हणाल्या.

मी क्षणभर हातातले पाकीट तसेच धरून राहिले. लोहाची एकही गोळी पोटात गेलेली नव्हती, तर दीड महिना शौच काळे कशाने होत होते?

बटव्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली एक पुडी होती. कात्रीने एकेक सुटी कापलेल्या नऊ पांढऱ्या गोळ्या त्यात होत्या. नाव कुठेच पूर्ण उरले नव्हते, पण तीन-चार तुकड्यांवरची अक्षरे जुळवल्यावर डायक्लोफेनॅक असे वाचता आले. किराणा दुकानातून अंगदुखीसाठी आणलेल्या या गोळ्या मावशी दिवसाला दोन-तीन घेत होत्या : पहाटे कोऱ्या चहाबरोबर उपाशीपोटी एक, दुपारी एक, आणि पाठीने झोपू दिले नाही तर रात्री आणखी एक. आठ महिन्यांत मी त्यांना काय खाता, तिखट किती खाता, वेळेवर जेवता का, हे सगळे विचारले होते. आमच्याखेरीज आणखी कुठल्या गोळ्या घेता, हे मात्र एकदाही विचारले नव्हते.

“मंग कापूस कोन येचन मॅडम? कंबर धरली का उभंच राहता येत नाही,” असे त्यांनी म्हटले, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

नाडी मिनिटाला ११२, वरचा रक्तदाब ९६, उभे केले की डोळ्यांपुढे अंधारी. पापणी खाली ओढून पाहिली तर आत लालीचा लवलेश नव्हता. हिमोग्लोबिन ६.४ निघाले. शौच कसे होते असे नीट विचारल्यावर त्यांनी सांगितले, की ते डांबरासारखे चिकट असते, त्याला वेगळाच घाण वास येतो आणि पाणी टाकूनही ते लवकर निघत नाही. जठरात झिरपलेले रक्त आम्लाने काळे पडते आणि आतड्यांतून पुढे सरकत जाऊन असेच बाहेर येते. आम्ही सलाईन लावले आणि १०८ला फोन केला.

रुग्णवाहिकेत चढताना मावशींच्या मुलाने मला विचारले, “ठेच्यानंच झालं ना हे?” गावात बहुतेकांची हीच समजूत असते, आणि दुखण्याचा दोष बाईच्या जिभेवर टाकून सगळे मोकळे होतात, याचे मला वाईट वाटते. तिखटाने झोंबते हे खरे, पण जठराचा जुनाट दाह त्याने होत नाही. वेदना निर्माण करणारे जे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य ही पांढरी गोळी थांबवते, तेच जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थरही राखत असते. कंबर शांत होते ती पोटाच्या कवचाच्या मोबदल्यात.

मोठ्या रुग्णालयात दोन पिशव्या रक्त चढले आणि दुर्बिणीने तपासणी झाली. अस्तर ठिकठिकाणी सोलवटलेले होते, आणि तपासणीसाठी काढलेल्या अस्तराच्या तुकड्याच्या, आठवड्याने आलेल्या अहवालात जुनाट जठरदाहाबरोबर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. म्हणजे आग दोन्हीकडून लागलेली होती. हा जंतू स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लातही तग धरतो. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांना जठरदाह झाला. त्यांना व रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही हकिकत मी मुलाला सांगितली, तेव्हा त्याने ठेच्याचा विषय सोडून दिला.

औषधांचा क्रम चौदा दिवसांचा होता : दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी, सगळे दिवसातून दोनदा. तोंड कडू होणे आणि पोट बिघडणे यामुळे सातव्या दिवशी मावशी थांबायच्या बेतात होत्या, पण आशाताई रोज संध्याकाळी घरी जाऊन समोर गोळ्या घ्यायला लावत. अर्धवट सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो, हे त्यांनी माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत समजावले असणार. पांढरी गोळी कायमची बंद झाली. कंबरेसाठी पॅरासिटामॉल आणि शेक, पहाटे निघण्यापूर्वी अर्धी तरी भाकर, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, आणि कमरेची कापसाची झोळी गच्च भरण्याआधीच रिकामी करणे, एवढ्यावर निभावायचे ठरले. कंबरदुखी पूर्ण थांबली नाही. जळजळ मात्र तिसऱ्या आठवड्यापासून उतरू लागली आणि जानेवारी संपताना त्या एका वेळी दोन भाकरी खाऊ लागल्या. तीन वर्षांत त्यांना हे जमले नव्हते. आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे बंद ठेवून मार्चमध्ये पुन्हा तपासणी केली, तेव्हा जंतू आढळला नाही.

मला अधिक आठवते ती त्याआधीची, फेब्रुवारीतली एक सकाळ. पोट सावरल्यावर लाल गोळ्या पुन्हा सुरू करून पाच दिवस झाले होते. मावशी धावतपळत आल्या, ओपीडी उघडायच्या आधीच पायरीवर बसल्या आणि मला पाहताच म्हणाल्या, “मॅडम, पुन्हा काळं झालं जी.” बटवा त्यांनी स्वतःहूनच उघडला. लाल गोळ्यांच्या पाकिटावरचे पाच कागद फाटलेले होते आणि पुडी कुठेच नव्हती. शौच हिरवट काळे पण घट्ट होते, चिकट नव्हते. तरीही मी नाडी मोजली, ती ७८ भरली. उभे करून रक्तदाब पाहिला, बोटातून रक्त घेतले, आणि हिमोग्लोबिन ९.१ आल्यावरच केसपेपर पुढे ओढून लिहिले : ‘शौच काळे, लोहाच्या गोळ्यांमुळे’.