मॅन्सफील्ड यांचं राहिलेलं भाषण

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज दिवसभर अमेरिकेचे जुने सिनेटर माइक मॅन्सफील्ड डोक्यातून जात नाहीत. निमित्त कालच्या बैठकीचं. वाचनालयाच्या कार्यकारिणीची अध्यक्ष होऊन मला आठ महिने झाले. काल एक सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही प्रत्येकाचं ऐकत बसता. अध्यक्षानं कधीतरी टेबलावर हात आपटायला हवा." तेव्हा मी काही बोलले नाही, पण घरी आल्यावर ते वाक्य सलत राहिलं. म्हणून सकाळीच मॅन्सफील्ड यांचं ते भाषण पुन्हा काढून वाचलं.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाचे नेते म्हणून ते १९६१ पासून १९७७ पर्यंत सलग सोळा वर्षं राहिले. त्या पदावर इतका काळ दुसरं कुणी टिकलेलं नाही. मात्र सुरुवातीला त्यांना हेच ऐकावं लागत होतं, जे मी काल ऐकलं. त्यांच्याआधी त्या जागी लिंडन जॉन्सन होते. धिप्पाड माणूस. समोरच्याच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन, कधी गोंजारून, कधी दरडावून मत पदरात पाडून घ्यायचे. मॅन्सफील्ड पाइप ओढत ऐकून घेत. टीव्हीवरच्या मुलाखतीत 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देत, त्यामुळे विचारणाऱ्यांना नेहमीपेक्षा जास्त प्रश्न तयार ठेवावे लागत. १९६३ च्या नोव्हेंबरात त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॉमस डॉड यांनी सभागृहात त्यांच्या नेतृत्वावर उघड टीका केली.

त्याला उत्तर म्हणून मॅन्सफील्ड यांनी भाषण लिहिलं आणि ते २२ नोव्हेंबरला करायचं ठरवलं. त्याच दिवशी डल्लासमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. भाषण राहिलं, नुसतं कामकाजाच्या नोंदीत दाखल झालं. दोन दिवसांनी कॅपिटलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, केनेडींच्या शवपेटीपाशी ते बोलले. पत्नीनं आपल्या बोटातली अंगठी काढून पतीच्या हातात ठेवली, एवढ्या एका गोष्टीभोवती ते पुन्हा पुन्हा फिरत राहिले. हा माणूस कमी बोलायचा, पण शब्द नसल्यामुळे नव्हे.

राहिलेल्या भाषणात ते सांगतात की मी सर्कशीतला रिंगमास्तर नाही आणि सिनेटमधल्या सिंहांना माणसाळवणाराही नाही. सगळे सदस्य बरोबरीचे आहेत, जो तो आपल्या मतदारांना बांधील आहे, आणि सिनेटनं काय करायचं ते सिनेटनं ठरवायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. पुढच्याच वर्षी काय घडलं ते कळल्यावर मत बदललं.

१९६४ चं, वंशभेदाला कायद्यानं बंदी घालणारं नागरी हक्क विधेयक. दक्षिणेकडचे सदस्य अखंड भाषणं करून ते अडवणार, हे ठरलेलंच होतं. आधीच्या अशा एका लढाईत, १९६० मध्ये, जॉन्सन यांनी दिवसरात्र कामकाज चालवलं होतं. सदस्यांना झोपायला खाटा आणल्या होत्या. मॅन्सफील्ड यांनी त्याला साफ नकार दिला. वयस्कर माणसांना रात्रभर जागवून सभागृहाचा तमाशा करायचा नाही, म्हणाले. पण ते नुसते गप्प बसले नव्हते. विधेयक मिसिसिपीच्या जेम्स ईस्टलंड यांच्या समितीकडे गेलं असतं तर तिथेच गाडलं गेलं असतं, म्हणून ते समितीला वगळून थेट सभागृहापुढे आणलं. आणि चर्चा बंद करायला दोन तृतीयांश मतं लागत होती, ती विरोधी पक्षाशिवाय मिळणारी नव्हती. म्हणून रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसेन यांना त्यांनी पुढे केलं. वाटाघाटी डर्कसेन यांच्याच कार्यालयात, वर्तमानपत्रांत नावही त्यांचंच. अडीच-तीन महिन्यांनी, १० जूनला, ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली. नागरी हक्कांच्या विधेयकावर सिनेटला हे त्याआधी कधीच जमलं नव्हतं. मेंदूतल्या गाठीमुळे वाचा गेलेले सिनेटर क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीतून आले आणि आपल्या डोळ्याकडे बोट दाखवून त्यांनी होकार नोंदवला (इंग्रजीत डोळा आणि होकार या दोन्ही शब्दांचा उच्चार 'आय' असाच). हे दृश्य डोळ्यांपुढे आलं की मला दरवेळी भरून येतं.

एवढा धीर कुठून आला असेल? आई लहानपणीच गेली, माँटानातल्या नातेवाइकांकडे वाढले, चौदाव्या वर्षी वय खोटं सांगून नौदलात शिरले. नंतर ब्यूटच्या तांब्याच्या खाणींत राबले. मॉरीन नावाच्या शिक्षिकेनं त्यांना शिकायला लावलं. तिनं आपली विमा पॉलिसी मोडून त्यांच्या शिक्षणाला पैसे दिले. पुढे ते तिथल्याच विद्यापीठात आशियाचा इतिहास शिकवायला लागले. इतरांच्या आधारानं वर आल्याची जाणीव ज्याला असते, त्याला श्रेय सोडणं जड जात नसावं. हे माझं मत.

एक गोष्ट मात्र मला खुपते. व्हिएतनाम. १९६२ मध्ये तिथे जाऊन आल्यावर त्यांनी केनेडींना, अमेरिका त्या युद्धात अडकत जाईल, असा स्पष्ट इशारा दिला होता. केनेडींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांनाही ते टिपणामागून टिपण पाठवत राहिले, पण खासगीत. व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मोकळीक राष्ट्राध्यक्षांना देणाऱ्या टोंकिनच्या ठरावाला त्यांनी मत दिलं. तिथे त्यांनी लवकर आणि जाहीरपणे आवाज चढवायला हवा होता, असं आज पुन्हा वाटलं. सभागृहात सहकाऱ्यांना मोकळीक देणं वेगळं आणि युद्धाच्या प्रश्नावर राष्ट्राध्यक्षांचा मान राखत बसणं वेगळं.

ते राहिलेलं भाषण त्यांनी शेवटी १९९८ मध्ये सिनेटच्या जुन्या सभागृहात वाचलं. तेव्हा वय पंच्याण्णव. पस्तीस वर्षांनीही त्यांना आपलं म्हणणं बदलावंसं वाटलं नाही.

पुढच्या बैठकीला अजून नऊ दिवस आहेत. बुधवारी संध्याकाळी त्या सभासदांच्या घरी मीच जाऊन येणार आहे. पुस्तकखरेदीची यादी बरोबर नेईन, आणि पहिली दहा नावं त्यांनाच सुचवायला सांगेन.