सही दादाची होती

टिटवाळ्याला दर्शनाला जातोय, असं दादा म्हणाला होता. मी साडी नेसून, केसांत गजरा माळून गाडीत बसले. मुलुंडहून निघालेली गाडी ठाण्याकडे जायच्याऐवजी घाटकोपरच्या दिशेने लागली, तेव्हा मी दार उघडायला गेले. वहिनीने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, आपण हॉस्पिटलला चाललोय. तुम्ही अकरा रात्री झोपला नाहीत." दादा आरशात बघत गाडी चालवत राहिला.

त्या अकरा रात्रींत मी एफडी मोडून विक्रोळीतल्या एका गाळ्याला टोकन दिलं होतं. पोळीभाजी केंद्र काढणार होते. मला धड पोळ्या लाटता येत नाहीत, पण तेव्हा तसं वाटत नव्हतं. पहाटे तीनला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेने चालत ठाण्यापर्यंत जाऊन आले, आणि मुंबईत माझ्याइतकं ठणठणीत कोणी नाही याची मला खात्री होती.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 89 नुसार, रुग्णाची तयारी नसताना दाखल करायचं तर दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायचं असतं आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. एकाने मला नीट तपासलं. दुसऱ्याने दारात उभं राहून नाव आणि वार विचारला. वार मी बरोबर सांगितला, तरी दाखल झालेच. या प्रकाराला कायद्यात 'सपोर्टेड ॲडमिशन' म्हणतात. त्या रात्री हा शब्द कोणी मला ऐकवला असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

अर्जावर सही दादाची. आपण आधी कुणाचं नाव लिहून ठेवलं नसेल तर नातेवाईक आपला प्रतिनिधी ठरतो. आईबाबा राहिले नाहीत, म्हणून दादा. अशा अर्जावर 30 दिवसांपर्यंत ठेवता येतं. रुग्ण बाई असेल तर 3 दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि रुग्णाला स्वतःलाही मंडळाकडे दाद मागता येते. हे मला घरी आल्यावर, मोबाईलवर कायदा वाचताना कळलं. आत असताना विचारलं तर "डॉक्टरांशी बोला" आणि डॉक्टर राउंडला दोन मिनिटं. एकोणीस दिवस राहिले. झोप आली, गाळ्याचं वेड उतरलं, हे मान्य करते.

सुट्टी मिळाली की संपलं, असं घरात सगळ्यांनाच वाटलं होतं. दादाने पेढेही आणले. त्यानंतरच्या आठवड्यांत मी अंथरुणातून उठेनाशी झाले. चढलेलं उतरतं तेव्हा जमिनीवर थांबत नाही, आणखी खाली जातं. मानसोपचाराच्या वॉर्डातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. सोडताना पुढच्या उपचाराची आखणी रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून करावी, असं कायदाही सांगतो. मला मिळाली गोळ्यांची चिठ्ठी आणि पाच आठवड्यांनंतरची तारीख.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दोन वाजता, डोक्यात नको ते विचार यायला लागले म्हणून, मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मराठीत, घाई न करता ऐकून घेतलं, घरात कोण जागं आहे ते विचारलं आणि वहिनीला उठवायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती मला महापालिकेच्या रुग्णालयात ओपीडीला घेऊन गेली. तिथे गर्दी होती, बाकावर तीन तास गेले, पण डॉक्टरांनी पुढची तारीख आठ दिवसांनंतरची दिली.

तिथेच लिथियमची, म्हणजे मनाचे चढउतार आवरणाऱ्या माझ्या गोळीची, गोष्ट नीट समजली. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी न घेता लॅब गाठायची. मे महिन्यात लोकलमध्ये घामाने निथळलं आणि पाणी कमी पडलं तर रक्तातलं प्रमाण चढतं. अळणी उपवासानेही तेच होतं, म्हणून माझा आषाढीचा उपवास बंद झाला. पाठ दुखली म्हणून मनाने वेदनाशामक घ्यायचं नाही. हात थरथरतो, तो डॉक्टरांना सांगायचा. मी सांगितलं नव्हतं, आणि बँकेतून चेक परत आला: सही जुळत नाही. काउंटरवर तीनदा सही करून दाखवली, तिन्ही वेगळ्या. बँकेतल्या मुलाने "मॅडम, टेन्शन घेऊ नका" म्हटल्यावर मात्र रडू आलं.

दादाशी मी सहा महिने कामापुरतंच बोलले. मनाविरुद्ध दाखल झालेल्यांना नंतर विचारलं तर दाखल करणं योग्य होतं किंवा फायद्याचं ठरलं, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत 33 ते 81 टक्के निघालं आहे. एवढ्या रुंद आकड्यात मी कुठे बसते? दाखल केलं ते बरोबर होतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. टिटवाळा मला अजून पचलेला नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर आली असतीस?" नसते आले. तरी वहिनीने खरं सांगितलं होतं, आणि त्या एकोणीस दिवसांत भेटायला कोण आलेलं चालेल असं नर्सने विचारलं, तेव्हा मी तिचंच नाव घेतलं होतं.

प्रतिनिधी नेमायला साधा कागद चालतो, त्यावर आपली सही हवी. गेल्या महिन्यात मी तो लिहिला, वहिनीच्या नावाने. खाली एक ओळ घातली: मला न्यायचं असेल तर कुठे नेताय ते सांगून न्या. ही ओळ कुणावर बंधनकारक आहे असा माझा दावा नाही. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या कागदाची, म्हणजे ॲडव्हान्स डायरेक्टिव्हची, रीत वेगळी, आणि तातडीच्या उपचारात तोही लागू होत नाही. सही वाकडी आली, तशीच ठेवली.

कागद आधी दादाला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला. "तारीख टाकायची राहिली," म्हणाला आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.