आणि इतर

तिकीट खिडकीवर येणारा माणूस 'कुठलं नाटक आहे?' असं विचारत नाही. ते बाहेर बोर्डावर असतंच. तो काचेला तोंड लावून विचारतो, 'कोण आहे?'

गेली २२ वर्षं मी नाटकांचं व्यवस्थापन करतोय आणि या प्रश्नाला माझ्याकडे कायम उत्तर असायचं. 'सौभद्र' हे जुनं संगीत नाटक घेतलं आणि पहिल्यांदा जीभ अडखळायला लागली. कारण आमच्यात कोणीच नव्हतं. म्हणजे १४ जण होते, सगळे गाणारे होते, पण खिडकीच्या हिशेबात कोणीच नव्हतं. सुभद्रा राज्य संगीत नाट्य स्पर्धेतून आलेली, अर्जुन गाण्याच्या शिकवण्या घेणारा, आणि कृष्ण एका पतपेढीत कॅशियर.

आमच्या निर्मात्यांचं, म्हणजे साहेबांचं, गणित असं की 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, त्यामुळे लेखकाचं मानधन शून्य. चालीही परंपरेने आलेल्या. नटांची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, माफक. मग तोटा कुठून होणार? साहेबांनी तोपर्यंत चार पात्रांची आणि एका सोफ्याची नाटकं केली होती, त्यांना कोण सांगणार की संगीत नाटक बसवायला स्वस्त आणि न्यायला महाग असतं. १४ नट, तीन साथीदार, दोन कपडेवाले, रंगभूषेवाले, शेले-पीतांबरांच्या ट्रंका आणि ऑर्गन.

ऑर्गनबद्दल थोडं सांगतो, कारण ते सोसलंय मी. पायाने भाता मारून वाजवायचं ते धूड उचलायला चार माणसं लागतात. टेम्पोत आडवं घालायचं नाही. पावसाळ्यात स्वर अडकतात, दुरुस्त करणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. साहेब एकदा म्हणाले, 'कीबोर्ड आणा ना, त्यात ऑर्गनचा आवाज असतो.' आमच्या ऑर्गनवाल्या अण्णांनी त्या दिवसापासून साहेबांशी बोलणंच सोडलं. त्यांचं काय चुकलं म्हणू? आमचा अर्जुन काळी दोनच्या पट्टीत गातो, सुभद्रा काळी चारच्या. एकाचं पद संपून दुसरीचा प्रवेश सुरू झाला की गद्य चालू असतानाच अण्णा तिचा षड्ज, म्हणजे तिच्या पट्टीतला 'सा', असा काही हळूच सोडतात की संवादातून पदात ती कधी शिरली ते पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळत नाही. हे काम कधी कोणाच्या परीक्षणात आलेलं मी वाचलेलं नाही.

दुसरी डोकेदुखी वेळेची. मूळ संहितेत शंभराहून जास्त पदं आहेत. तेव्हा नाटक रात्रभर चाले, आता नाट्यगृह सत्रावर मिळतं आणि पुढच्या नाटकाचा टेम्पो आवारात येऊन उभाच असतो. आम्ही २२ पदं ठेवली. एका वन्समोरची सहा मिनिटं मला कुठून तरी काढावी लागतात, बहुतेकदा मध्यंतराच्या चहातून.

तर पहिले ११ प्रयोग. सांगलीला आणि गोव्यात बरं झालं. गोव्यातले लोक देवळाच्या उत्सवात गावातल्याच पोरांचं संगीत नाटक बघत मोठे झालेले. तिथले आयोजक फोनवर 'गाणारे कसे आहेत?' एवढंच विचारतात. पुण्या-मुंबईत मात्र बुकिंग १४० ते ३०० च्या मध्ये लोंबकळत राहिलं. तिकीट वाढवून भागेल म्हणावं तर ५०० च्या वर गेलं की जीएसटी, आणि 'कोणी नसलेल्या' नाटकाला ५०० तरी कोण देणार?

बाराव्या प्रयोगाला साहेबांनी नाव आणलं. रोज रात्री घरोघरी दिसणारा चेहरा. माणूस वाईट नव्हता. पण गाता येत नव्हतं. त्याला दिला कृष्ण. कृष्णाची पदं कापून दोन ठेवली, आणि तीही आधी ध्वनिमुद्रित केलेली, त्याने फक्त ओठ हलवायचे. ध्वनिमुद्रण कोणाच्या आवाजात? आमच्या कॅशियरच्या. पोराला कृष्णावरून काढून नांदीत, म्हणजे सुरुवातीच्या स्तवनात, उभं केलं होतं. मी त्याला हे सांगायला गेलो तर म्हणाला, 'काका, चालेल. शनिवारची अर्धी सुट्टी घ्यावी लागते, तेवढं नांदी संपल्यावर घरी गेलो तर चालेल का?' त्या दोन पदांना अण्णा ऑर्गन सोडून विंगेत चहा पीत उभे राहत.

प्लॅन, म्हणजे बुकिंग, उघडला आणि दोन दिवसांत ८४६ खुर्च्या संपल्या.

त्या रात्री रंगपटात साहेब आणि अण्णा यांच्यात, माझ्यामार्फत, वाद झाला. साहेब म्हणाले, 'संगीत नाटक कायम नावावरच चाललंय. १९२१ चा संयुक्त मानापमान घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला. लोक बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र बघायला आले होते, खाडिलकरांचं कथानक ऐकायला नाही.' अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, 'त्यांना सांगा, ती दोघं गात होती. आणि भाऊराव कोल्हटकर १८८२ साली बडोद्याहून किर्लोस्करांकडे आले तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं? याच नाटकात सुभद्रा केली, मग नाव झालं.' साहेबांनी २०१० चं 'कट्यार' काढलं. अण्णा म्हणाले, तिथेही राहुल देशपांडे गात होते. मी 'देवबाभळी'चं उदाहरण दिलं. २०१७ ला व्यावसायिक रंगभूमीवर आलं, दोनच नट्या, फारशा माहीत नसलेल्या, आणि शेकडो प्रयोग. दोघेही एकदमच म्हणाले, 'ते नवं नाटक आहे.' तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

आता तो शनिवार. साडेचारचा प्रयोग, ७८० तिकिटं गेलेली. २ वाजून ४० मिनिटांनी नावाच्या मदतनिसाचा फोन. मालिकेचं शूटिंग वाढलंय, सर येऊ शकत नाहीत. सर स्वतः बोलत नाहीत, अशा वेळी कधीच बोलत नाहीत.

रिवाज असा की प्रयोग रद्द करायचा. पण भाडं भरलेलं, बस पोचलेली, ऑर्गन चढवलेला. साहेब परगावी. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, 'आवाज तर इथेच आहे.' पोरगा नांदीसाठी कपाळाला गंध लावत होता.

साडेतीनला खिडकीवर फलक लावला, तिसऱ्या घंटेआधी माइकवरून सांगितलं. कलाकार बदलला आहे, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी पहिल्या अंकाआधी खिडकीवर यावं. रांग लागली. २१२ तिकिटं परत आली. ऑनलाइनवाल्यांनी वेगळा जीव खाल्ला. एक बाई मुलीला घेऊन आलेल्या, मुलीला फक्त त्याच्याबरोबर फोटो हवा होता, त्यांना मी दोष देत नाही. एक गृहस्थ मात्र म्हणाले, 'निम्मे पैसे द्या, नाटक बघतो.' २२ वर्षांत अशी मागणी पहिलीच. पहिल्या दोन रांगा निम्म्या रिकाम्या झाल्या. फुकट पास घेऊन बसलेला मात्र एकही उठला नाही.

उरले ५६८. घंटा झाली, नांदी झाली. पोरगा आधी केलेल्या भूमिकेतही पहिला प्रवेशभर दबलेला होता. वाक्यं बरोबर, पण नावासारखा उभा राहत होता, त्याचे हातवारे करत होता. मला विंगेत घाम फुटला. मग कृष्णाचं 'प्रिये पहा' हे पद आलं. अण्णांनी देसकार रागाचे स्वर भरले, आणि कित्येक प्रयोगांनंतर त्या जागी ऑर्गन वाजला म्हणून असेल, पोरगा त्यांच्याकडे वळून हसला. कृष्णाने ऑर्गनवाल्याकडे बघून हसायचं नसतं. पण त्यानंतर तो जो गायला! दोन वन्समोर. दुसऱ्या वन्समोरला मी घड्याळ बघितलं, खोटं कशाला बोलू. नाट्यगृहाचा माणूस मागून येऊन म्हणाला, 'पुढच्यांचा सेट बाहेर उभा आहे.' त्याला म्हटलं, उभा राहू दे.

रात्री हिशेब केला. नावाची नाइट, त्याची गाडी, त्याचं हॉटेल हे काहीच द्यावं लागलं नव्हतं. हाती ४१ हजार उरले. आधीच्या हाउसफुल प्रयोगाला उरले होते १७ हजार. मी ते आकडे साहेबांना पाठवले. इतका आनंद मला कुठल्या हाउसफुलच्या बोर्डाने दिला नसेल. साहेब म्हणाले, ठीक आहे, पुढचा पोराला घेऊन करा.

केला. तेच नाट्यगृह, पंधरा दिवसांनी. १६३ तिकिटं. लाखाच्या वर खड्डा.

इथेच मी अडकलोय. ते ५६८ लोक गेले कुठे? मध्यंतरात मी बाहेर उभा राहून ओळखीचे चेहरे शोधले, त्या शनिवारी येऊन गेलेले चाळीसेक असतील. त्यातले एक आजोबा, काठीवाले, भेटले. म्हणाले, 'त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं हो. सून म्हणाली, कोण आहे त्यात? मला नावच सांगता येईना. जाहिरात काढून बघितली, त्यातही नव्हतं.'

बरोबर आहे, नव्हतं. जाहिराती मीच करतो. नाव आलं तेव्हापासून वर त्याचा फोटो, खाली 'आणि इतर'. पुढच्या प्रयोगाला नुसता फोटो काढला. जाहिरात सेंटिमीटरवर मोजली जाते, म्हणून 'सोबत नव्या दमाचे गायक कलाकार' एवढं घालून दिलं. ५६८ माणसं ज्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती त्याचं नाव मला छापावंसं वाटलं नाही. कारण खिडकीच्या हिशेबात ते नाव नव्हतंच. २२ वर्षांची सवय आहे ती. त्याने मात्र कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं तेही मला ठाऊक आहे.

साहेबांचं म्हणणं, १६३ म्हणजे निकाल लागला, ऑर्गन गोडाउनला टाका. अण्णांचं म्हणणं, अजून दहा प्रयोग द्या. मला दोघांचंही पटतं, आणि दहा प्रयोगांचा खड्डा किती होतो हे दोघांपेक्षा मलाच जास्त कळतं.

बोरिवलीची एक तारीख आधीच घेतलेली आहे, ती परत करता येत नाही. काल रात्री तिची जाहिरात केली. 'सोबत नव्या दमाचे' काढलं आणि कृष्ण, अर्जुन, सुभद्रा आणि ऑर्गन, अशी चौघांची नावं टाकली. दोन सेंटिमीटर वाढले. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. प्लॅन गुरुवारी उघडतोय.