माझा गुरुवार, तिची पंधरावी

सिंगापूरला माझ्या ऑफिसजवळ एक हॉकर सेंटर आहे, म्हणजे एका छपराखाली स्वस्त खाण्याचे पुष्कळ स्टॉल. तिथल्या शाकाहारी स्टॉलपुढे एरवी पाच-सहा जण उभे असतात. मग एखाद्या दिवशी रांग शेजारच्या दोन स्टॉलांना ओलांडून पार जिन्यापर्यंत जाते. अशा दिवशी फोनवर कालनिर्णय उघडून बघावं, तर अमावस्या तरी असते नाहीतर पौर्णिमा. क्वचित एखाद्या दिवसाचा फरक.

सिंगापूरच्या चिनी वंशाच्या लोकांत बौद्ध आणि ताओ पंथाचे बरेच आहेत, आणि त्यांतली पुष्कळ मंडळी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे खात नाहीत. त्यांचा महिना अमावस्या संपते त्याच दिवसापासून मोजतात. त्यामुळे त्यांची पहिली आपल्या अमावस्येला नाहीतर प्रतिपदेला येते, आणि पंधरावी पौर्णिमेच्या आसपास. माझ्या शेजारी बसणारी सहकारी हे दोन दिवस कसोशीने पाळते. तिच्या आजीने कधीतरी नवस बोलला होता, आजी गेली, नवस नातीकडे आला. एरवी ती डुकराच्या मांसाचे नूडल्स आवडीने खाते.

मी रत्नागिरीची. मासे खाणारी, पण सोमवार-गुरुवार नाही. इथल्या भारतीयांना हे समजावताना कधीकधी नाकी नऊ येतात. ‘तू व्हेज की नॉनव्हेज’ याचं एका शब्दात उत्तर हवं असतं, आणि ‘आज काय वार आहे’ हे उत्तर त्यांना चालत नाही. या चिनी मुलीला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. तिने फक्त विचारलं, तुझे दिवस कोणते?

आमचं ऑफिस तेलोक आयर भागात आहे. एकाच रस्त्यावर थिआन हॉक केंग हे जुनं चिनी मंदिर, चार पावलांवर दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमानांनी बांधलेला नागोर दर्गा, आणि मागे काचेचे टॉवर. दुपारी बारा वाजता ते टॉवर रिकामे होतात आणि सगळे अमॉय स्ट्रीट फूड सेंटरकडे चालू लागतात. दोन मजले, खाण्याचे ओळीने गाळे, मधे सगळ्यांची मिळून टेबलं, वर गरगरणारे पंखे. एसी नाही. हे विक्रेते पूर्वी रस्त्यावर गाड्या लावत. 1970 च्या दशकापासून पुढची पंधराएक वर्षं सरकारने त्यांना पाण्या-गटाराची सोय असलेल्या अशा केंद्रांत हलवलं. 2020 मध्ये या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आम्हा नोकरदारांना त्यापेक्षा कौतुक याचं, की रेस्तराँच्या बिलावर 10 टक्के सेवा शुल्क आणि 9 टक्के जीएसटी चढतो, इथे पाटीवर लिहिलंय तेवढेच पैसे.

आधी जागा धरायची, मग रांगेत उभं राहायचं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची. कोणी छत्री ठेवतं, कोणी चक्क गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही.

सोमवारी नेहमीच्या भात-भाजीच्या स्टॉलवर जाऊन नुसत्या भाज्या घ्याव्यात, हा विचार सोडून द्यावा. कांगकाँगची पालेभाजी दिसते साधी, पण तिला बहुतेक वेळा बेलाचानची, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या वाटणाची फोडणी असते. फरसबीत सोडे, कोबीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. मंगळवारी मला हे सगळं फार आवडतं. वाराच्या दिवशी मात्र शाकाहारी स्टॉलच गाठावा लागतो.

तिथे काचेमागे पंधरा-वीस ट्रे असतात. वांगी, टोफू, मोड आलेले मूग, कारलं, चवळीच्या शेंगा, नारळाच्या दुधातली करी. बोट दाखवायचं, आंटी भातावर वाढत जाते. (अनोळखी मोठी बाई म्हणजे आंटी, मोठा माणूस म्हणजे अंकल, आपल्याकडच्यासारखंच.) शेवटी ताटावर एक नजर टाकून ती किंमत सांगते. भात आणि तीन भाज्यांचे साधारण साडेचार-पाच डॉलर होतात, सिंगापूरचा डॉलर साधारण 70 रुपयांना धरा. हिशेब तिच्या डोक्यात, आणि त्यावर वाद घालताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही.

कडक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही चालत नाही. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना चातुर्मास सिंगापूरपर्यंत पोचल्याचा आनंद झाला. मग व्हिडिओ कॉलवर त्यांनी माझं ताट पाहिलं. भाताच्या कडेला लाल किनारीचा एक तुकडा होता, हुबेहूब भाजलेल्या डुकरासारखा. तो ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा. शेजारी ‘बदक’, त्याची कातडी सोयाच्या सायीची. “असलं दिसणारं खायचं तरी कशाला?” त्या म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चवीलाही ते सगळं एकसारखंच गोड सोया सॉस लागतं. मी आता टोफूवर भागवते.

पण रांगेतली माणसं बघितली की ते ग्लुटेनचं बदक समजतं. हा स्टॉल जन्मभराच्या शाकाहाऱ्यांवर चालत नाही. एक दिवस सोडणाऱ्यांवर चालतो, आणि त्यांना त्या एका दिवशीही आवडीची चव हवी असते. आपल्याकडे गुरुवारी उपवासाच्या नावाखाली साबुदाणा वडे चापणाऱ्यांनी यावर फार बोलू नये.

आश्विनात तर मजाच असते. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत नऊ सम्राट देवांचा उत्सव येतो, आणि भाविक नऊही दिवस शाकाहारी राहतात. 2024 मध्ये तो आणि आपलं नवरात्र एकाच दिवशी, 3 ऑक्टोबरला सुरू झालं. आमच्या टेबलावर नऊ दिवस मांसाचा तुकडा नव्हता. 2025 मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आला, आणि माझ्या त्या सहकारीचे नऊ दिवस नेमके लक्ष्मीपूजनाला, 21 ऑक्टोबरला सुरू झाले. मी डब्यात चकल्या आणि चिरोटे घेऊन गेले होते. तिने आधी विचारून घेतलं, यात कांदा-लसूण नाही ना? नव्हतं. मग दोन्ही डबे तिनेच संपवले.

आणखी एक. अंडं काही शाकाहारी स्टॉलांवर चालतं, तेव्हा इकडे फिरायला येणार असाल तर आधी विचारा.

जेवण झालं की ताट उचलून मांडणीवर नेऊन ठेवायचं. सप्टेंबर 2021 पासून हा नियम हॉकर सेंटरमध्ये सक्तीचा आहे. पहिल्यांदा लेखी समज मिळते, दुसऱ्यांदा 300 डॉलर. मांडण्या दोन असतात, एक हलाल ताटांची आणि एक बाकीच्यांची. आमच्या आंटीच्या स्टॉलवर हलालची पाटी नाही. म्हणून गुरुवारचं माझं बिनकांद्या-लसणाचं ताट दुसऱ्या मांडणीवर, डुकराच्या नूडल्सच्या उष्ट्या बाउलला टेकून बसतं. सासूबाईंना मी अजून टोफूपर्यंतच सांगितलं आहे.