विटलेल्या जीन्सला विटलेलंच ठिगळ

बाबांची एक जीन्स आहे. पूर्ण सुती, जाड, पंधरा-सोळा वर्षं वापरलेली. गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा फाटला. घरात शिवणकाम मी करते, त्यामुळे ती माझ्याकडे आली. डेनिमचा एक तुकडा होता माझ्याजवळ, कोरा, एकदाही न धुतलेला, गडद निळा आणि पुठ्ठ्यासारखा ताठ. फाटलेल्या जागेवर ठेवून पाहिला आणि लगेच उचलला. आकाशी गुडघ्यावर शाई सांडल्यासारखी दिसत होती. म्हटलं, आधी याचा रंग उतरवायचा, मगच शिवायचं.

एका दुपारचं काम वाटलं होतं. तीन आठवडे लागले.

तुकड्याच्या कडेच्या दहा पट्ट्या कापून घेतल्या, प्रयोगासाठी. पहिली पट्टी सरळ ब्लीच घातलेल्या पाण्यात टाकली. रंग भराभर उतरला, पण पट्टी जीन्सच्या शेजारी ठेवली तर दोन्हींचं काही जुळेना. शेवटी भिंग काढलं. जीन्सच्या कापडावर ज्या तिरक्या रेघा असतात, त्यांचे उंचवटे बाबांच्या गुडघ्यावर जवळजवळ पांढरे झाले होते आणि दोन रेघांमधली खाच अजून निळी होती. माझ्या पट्टीवर उंचवटा आणि खाच दोन्ही सारखेच फिकट. सगळं सपाट. शिवाय मधेमधे लांब ओघळ उठलेले.

त्या रात्री बसून डेनिम रंगतं कसं ते नीट समजून घेतलं. ते आधी करायला हवं होतं. डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. उभा धागा इंडिगोने रंगवतात आणि इंडिगो पाण्यात विरघळतच नाही. रसायन घालून तो विरघळेल अशा रूपात आणावा लागतो, तेव्हा तो पिवळट-हिरवा दिसतो. धागा त्यात बुडवून हवेत काढला की निळा होतो. असं पुन्हापुन्हा बुडवतात, वाळवतात, थरावर थर चढवतात. पण रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही. एक धागा सुटा करून ब्लेडने आडवा कापला, तर कडेला निळं कडं आणि आत चक्क पांढरं! जीन्स विटते म्हणजे ते कडं झिजतं. जिथे घासलं जातं तिथेच झिजतं, म्हणून उंचवटे आधी उघडे पडतात. ब्लीचला उंचवटा आणि खाच यातला फरक कळत नाही, ते सगळीकडे सारखं शिरतं.

ओघळ पडले ते खळीमुळे. विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात आणि कोऱ्या कापडात ती तशीच असते. कारखान्यातही धुलाईची पहिली पायरी खळ काढण्याचीच, त्यासाठी स्टार्च फोडणारं एन्झाइम वापरतात. माझ्याकडे ते नव्हतं. गरम पाणी, थोडा साबण आणि रात्रभर भिजवणं, एवढंच जमलं. सकाळी पाणी बोटांना बुळबुळीत लागत होतं. ते पाणी गार होतं, त्यात आयोडीनचा थेंब टाकला तर काळंनिळं झालं, म्हणजे स्टार्च. तिसऱ्या पाण्याला थेंब तसाच तपकिरी राहिला, तेव्हा कापड वाळत घातलं.

मग घासणं. हे कोरड्यावरच करायचं. टॉवेलची घट्ट गुंडाळी केली, तिच्यावर कापड ताणून टाचण्या लावल्या, म्हणजे गुडघ्यासारखा फुगवटा आला. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने अर्धा तास घासूनही फारसा फरक दिसेना. दोनशेवीस नंबर घेतला, हलक्या हाताने, एकाच दिशेने. दहा मिनिटांत उंचवट्यांवर पांढरं चमकायला लागलं. निळी बारीक भुकटी मात्र हातावर, टेबलावर, सगळीकडे. मी मास्क लावला होता आणि ओलं फडकं जवळ ठेवलं होतं.

या भुकटीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हाच परिणाम झटपट मिळावा म्हणून कारखान्यांमध्ये जीन्सवर दाबाने वाळू मारायचे. तुर्कस्तानात हे काम बंद, कोंदट खोल्यांमध्ये चालायचं आणि करणारे बहुतेक तरुण मजूर होते. वाळूतली सिलिका फुप्फुसात जाऊन त्यांना सिलिकोसिस झाला. बरा न होणारा आजार. कित्येकजण ऐन तारुण्यात गेले. 2009 मध्ये तुर्कस्तानने या पद्धतीवर बंदी घातली, पुढे मोठ्या कंपन्यांनीही ती सोडल्याचं जाहीर केलं. मांडीवरच्या फिकट पट्ट्यासाठी कुणाचा श्वास जावा, हे मला अजूनही सहन होत नाही. आता लेझरने तोच पट्टा काही सेकंदांत उमटवता येतो.

नमुना म्हणून मी फाटलेल्या गुडघ्याऐवजी धड असलेला डावा गुडघा समोर ठेवला होता. तिथला फिकट गोल मधोमध आहे, तसाच घासला. बाबांनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "अगं, हा डावा झाला. उजवा गुडघा टेकून बसायचो ना मी कामाला." भोकाभोवतीचं उरलेलं कापड मग पहिल्यांदा नीट पाहिलं. खरंच, फिकटपणा आतल्या बाजूला आणि खाली सरकलेला होता, बाहेरची कड बरीच गडद. दुसरा तुकडा कापला. या खेपेला भोकाच्या कडेवरून खडूने रेघा कापडावर उतरवून घेतल्या आणि त्यांच्या आतच घासलं.

घासलेला तुकडा नुसता घासलेलाच दिसतो. त्याला धुतल्याचा मऊपणा यायला दगड लागतात. 1873 मध्ये लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना रिव्हेटवाल्या पँटचं पेटंट मिळालं, त्यानंतर कितीतरी दशकं जीन्स गडद आणि ताठच विकली जायची. ती विटवायचं काम घालणाऱ्याचं. धुलाईच्या यंत्रात प्युमिसचे, म्हणजे ज्वालामुखीतून आलेले हलके, सच्छिद्र दगड घालून ती आधीच जुनी करायची पद्धत 1970 च्या दशकात पसरली. पहिली कल्पना कुणाची, यावर फ्रान्सचे डिझायनर मारिते आणि फ्रान्स्वा गिरबो, जपानची एडविन कंपनी, कॅनडाची ग्रेट वेस्टर्न गारमेंट कंपनी असे अनेक दावे आहेत. 1980 च्या दशकातला 'ॲसिड वॉश' म्हणजे रसायनात भिजवलेले दगड आणि कोरडी जीन्स एकत्र फिरवणं. त्यात ॲसिड नसतं, ब्लीच किंवा पोटॅशियम परमँगनेट असतं. पुढे सेल्युलेज एन्झाइम आलं. ते धाग्याचा वरचा पापुद्रा खातं, त्याबरोबर इंडिगो सुटतो आणि दगड कमी लागतात.

मी प्युमिसचे खडे, कोमट पाणी आणि तुकडा झाकणाच्या डब्यात घालून हलवत राहिले. वीस मिनिटांनी उघडलं तर उंचवटे सुरेख झाले होते, पण पांढरा आडवा धागा निळसर! सुटलेला इंडिगो परत त्याच्यावर बसला होता आणि सगळा तुकडा मळका दिसत होता. धुलाईवाले याला बॅकस्टेनिंग म्हणतात. पुढच्या वेळी दर पाच मिनिटांनी पाणी बदललं, थोडा साबण घातला आणि धागा पांढरा राहिला.

शेवटी ब्लीच, पण अगदी पातळ आणि घड्याळ लावून चार मिनिटं, फक्त एकूण छटा एक पायरी खाली आणायला. खूप पाण्याने खळबळून मग सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवलं, नाहीतर उरलेलं क्लोरीन कापड आतून खात राहतं. यासाठी व्हिनेगर वापरा असं काहीजण सांगतात. अजिबात वापरू नका, ब्लीचबरोबर त्याचा विषारी वायू होतो. आणि कापडात लवचीक धागा असेल तर ब्लीच नकोच, तो धागा मरतो.

ठिगळ आतून लावलं, भोकाच्या कडा दुमडून बारीक हातशिलाई केली. दोन हातांवरून ते दिसत नाही. जवळून पाहिलं तर बाहेरची कड अजून एक छटा गडद आहे. तिथे मी मुद्दाम थांबले, कारण आणखी घासलं असतं तर परत आणता आलं नसतं. बाबा ती आठवड्यातून दोनदा घालतात, आणि अजूनही उजवाच गुडघा टेकून बसतात.